माझ्या तोंडी सईचा आवाज

३ फेब्रुवारी, मंगळ.
डबिंगला अजून बोलावणं नाही. बेंगळुराजवळच्या देवनहळ्ळीचं शूटिंग दिवाळीआधीच संपलं. तिथल्या उन्हात नाकाचं कातडं गेलं होतं, ते परत आलंसुद्धा. भरत सरांना मेसेज टाकला, सर, डबिंग कधी? उत्तर आलं, "स्वल्प थांब." दिग्दर्शकाचं स्वल्प म्हणजे किती, हे कुणाला विचारायचं.

पहिलाच पिक्चर, तोही कन्नड, त्यात हिरॉइन, त्यात दोन गाणी माझ्या तोंडी. सेटवर मी ती स्वतः म्हटली, कच्ची, मोबाईलमधल्या तानपुऱ्यावर. शेजारच्या मळ्यातल्या बायका द्राक्षं तोडायची सोडून बांधावर येऊन उभ्या राहिल्या होत्या. भरत सर म्हणाले, "हेच पाहिजे मला." म्हणून तर मी डबिंगची वाट बघत बसले.

सईला विचारलं. ती नोकरी सांभाळून जाहिराती, कार्टून डब करते, तिला या लोकांच्या सवयी माहीत. कांदा चिरत होती. "अगं, होतं असं इंडस्ट्रीत. रिलॅक्स." वर बघितलं नाही. कांद्यामुळे असेल.

७ फेब्रु., शनि.
बसवनगुडीत प्रयोग. पुढच्या रांगा भरल्या, मागे मोकळं. मंगळाक्कांचं हे कन्नड नाटक दोन सवतींचं आहे. सई थोरली, मी धाकटी. दुसऱ्या अंकात आम्ही गाण्यातून भांडतो. ती एक ओळ म्हणते, मी तिची ओळ उलटवून तिच्या अंगावर टाकते. आज बरं झालं. बरं म्हणजे गुळगुळीत. मंगळाक्का विंगेतून म्हणाल्या, "सवती आहात का मैत्रिणी?"

मैत्रीण म्हणायची तर म्हणता येईल. दोघी मराठी म्हणून अक्कांनीच गाठ घालून दिली, मग इथे बेंगळुरात एकत्र खोल्या घेतल्या. पण मराठी मराठीत फरक आहे. ती पुण्याची, लहानपणी व्हाइटफील्डला आलेली. मी निपाणीकडची. मी "येतो गं" म्हटलं की तिला हसू फुटतं. "कसलं क्यूट बोलतेस, परत बोल ना." तिच्या ऑफिसातल्या पोरी आल्या की मला मुद्दाम बोलायला लावते. वहीत मी शाळेतलं मराठी लिहिते, इथे तरी कुणी हसायला नको.

आणि कन्नड मी बोलायला लागल्यापासून बोलते, ती शाळेत शिकली. तरी भाजीवाला तिला इथलीच समजतो आणि मला विचारतो, हुबळीकडच्या का?

१६ फेब्रु., सोम.
आज घाईत लिहितेय, अक्षर कसंही येऊ दे. ते कुणाला दाखवायचं नाही.

भरत सरांनी ऑफिसात बोलावलं. टीझर बघायला. मला वाटलं, डबिंगची तारीख देतील. अंधार केला, पडद्यावर मी आले. मळ्यात उभी, ओढणी डोक्यावर, बापाला म्हणते, ही जमीन विकायची नाही. तोंड माझं हललं आणि आवाज सईचा आला.

पहिल्याच शब्दाला कळलं. वाक्याच्या शेवटी ती श्वास जरा आत ओढते, तो रोज ऐकते मी, भिंतीपलीकडून, ती फोनवर असते तेव्हा. मग गाणं सुरू झालं. तेही तिचंच. मी मान वर करते, डोळे मिटते, गळ्याची शीर ताणते आणि तिच्या गळ्याचं गाणं माझ्या तोंडातून बाहेर पडतं.

दिवे लागल्यावर भरत सर म्हणाले, "चेहरा छान आलाय तुझा."
मी विचारलं, "आवाज?"
"मुलगी देवनहळ्ळीची आहे, रेणुका. तू बोललीस की बेळगाव ऐकू येतं."
"हे शूटिंगच्या वेळी ऐकू आलं नव्हतं?"
"तेव्हा मी बघत होतो."
"आणि गाणी? गाण्यात कुठलं बेळगाव?"
"बोलताना एक आवाज नि गाताना दुसरा, लोक हसतील ना."
हे सगळं अगदी शांतपणे. त्यांनी मला कॉफी मागवली. मी ती तशीच सोडली. एवढंच जमलं.

घरी आले तर सई हॉलमध्ये लॅपटॉप घेऊन, हिंदीत मीटिंग चाललेली. मी समोर उभी राहिले. तिने तोंडाकडे बघितलं आणि माइक बंद केला.
"कधीपासून?"
"रेणू, माझ्यावर डबिंग स्टुडिओचं बंधन होतं. सांगता येत नव्हतं."
"कधीपासून?"
"डिसेंबर."
डिसेंबरात मला ताप आला होता. हिने मला पेज करून भरवली आणि दुपारी जाऊन माझं तोंड घेऊन बोलून आली.
"मी नाही म्हटलं असतं तर दुसरीने केलं असतं गं. निदान मी तुला ओळखते. तू कुठे थांबतेस, कुठे हुंकारतेस, सगळं तसंच ठेवलंय. आणि खरं सांगू? चांगलं झालंय ते."

चांगलं झालंय. तेच तर. वाईट झालं असतं तर मी आज झोपले असते.

१७ फेब्रु.
यापुढे वहीत तिचं नाव पूर्ण लिहायचं नाही. स. पुरे.

१९ फेब्रु.
फ्रिजचा वरचा कप्पा तिचा, खालचा माझा. कुणी ठरवलं नाही, झालं. तिचं दूध उतू जाताना मी बघत उभी राहिले, गॅस बंद केला नाही. तिने माझे वाळत घातलेले कपडे अवेळी आलेल्या पावसात तसेच सोडले. आम्ही एकमेकींशी बोलतो ते असं: "किल्ली." "तिथे." घरमालकीणबाई जिन्यात म्हणाल्या, तुमच्या घरात हल्ली किती शांतता, छान.

सकाळी रियाज करत नाही मी आता. तिला आणखी माल कशाला पुरवू.

२० फेब्रु., शुक्र.
भरत सरांच्या ऑफिसातून फोन. प्रसिद्धी बघणारी बाई, फार गोड बोलते. पुढच्या आठवड्यात गाणं नेटवर येणार. मग व्हाइटफील्डच्या मॉलमध्ये कार्यक्रम. "मॅडम, सगळीकडे आपण सांगायचं की गाणी हिरॉइननेच गायलीत. लोकांना तेच आवडतं."
"पण गायली नाहीत मी."
"तुम्ही सिंगर आहातच ना. खोटं कुठे आहे?"
"गायिकेचं नाव?"
"तुमचंच. डबिंगवाल्यांचं नाव घालत नाहीत आपण."

फोन ठेवल्यावर मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी. स. चं नाव कुठेच नाही. मुद्दाम तिच्या दारात जाऊन सांगितलं. तिला माहीत नव्हतं. चेहरा पडला, मग लगेच सावरला. "इट्स ओके. स्टुडिओ मला पुढचं मोठं काम देणार आहे. तू फक्त कुठे काही बोलू नकोस, प्लीज."
हे 'प्लीज' मी जपून ठेवलं.

२४ फेब्रु., मंगळ.
गाणं आलं. लोकांना आवडतंय. खाली लिहितात, काय गोड गळा आहे, गावाकडचा वाटतो. व्हाइटफील्डच्या नवव्या मजल्यावर वाढलेला गावाकडचा गळा.

दुपारी अण्णांचा फोन. अण्णांनीच मला गायला शिकवलं, भजनी मंडळात मांडीवर बसवून. टाळ धरता येत नव्हता तेव्हापासूनचा त्यांचा कान माझ्या गळ्यावर. मी मनात म्हटलं, आता ओळखतील आणि विचारतील, हे कुणाचं गं? काय सांगायचं ते जुळवून ठेवलं होतं.
अण्णा म्हणाले, "रेणू, काय म्हटलीस गं. काळीज हाललं बघ. त्या दुसऱ्या कडव्याला तर मी फोन खाली ठिवला. असं तर तू माझ्यापुढंबी कधी म्हटली न्हाईस."
मी म्हटलं, "होय अण्णा."
"आवाज पिकला तुझा बेंगळुरात."
"होय."
मग आईने फोन घेतला. गाण्याबद्दल काही बोलली नाही. जेवलीस का, एवढंच.

बापाने ओळखलं नाही. भरत सरांनी गाणं घेतलं, स. ने घेतलं, ते मी सहन करत होते. पण हे.
मोरीत नळ सोडून बसले. भिंतीपलीकडे ऐकू जायला नको.

२८ फेब्रु., शनि.
प्रयोग. आज केलं ते लिहून ठेवते, कारण मला त्याचं वाईट वाटत नाही आणि पुढे कधी वाटलं तर खरं काय होतं ते कळावं.

भांडणाच्या गाण्याआधी पेटीवाल्या मूर्तीसरांना म्हटलं, आज पट्टी वर घ्या, माझा गळा मोकळा आहे. त्यांनी विचारलं, स. ला चालेल? मी म्हटलं, तिनेच सांगितलंय.

माझ्या वरच्या सुराची स. ला नेहमी भीती. स्टुडिओत परत परत घेता येतं. इथे एकदाच. पहिली ओळ तिने कशीबशी मारली, डोळ्यांत कळलेलं दिसलं. मी माझी ओळ तिच्या तोंडाजवळ जाऊन टाकली. तिसऱ्या ओळीला तिचा आवाज फाटला. भरल्या प्रेक्षागृहात. आज मागेही रिकामं नव्हतं, गाण्यामुळे मला बघायला आलेले लोक. कुणीतरी हसलं.

पण ती थांबली नाही. फाटलेल्या आवाजात पुढची ओळ नुसती बोलली, माझा दंड धरून, नखं रोवून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिच्यासाठी.

आत आल्यावर म्हणाली, "झालं समाधान?"
"नाही अजून."
दंडावर चार वळ आहेत. साडीने झाकतात.

१ मार्च, रवि.
मंगळाक्कांनी घरी बोलावलं. एकटीला. इडल्या पुढे ठेवल्या आणि मी खात असताना म्हणाल्या, "मूर्तींनी मला सांगितलं."
मी इडलीचा तुकडा मोडत राहिले.
"तुमच्यात काय झालंय ते मला नको. भांडण छान दिसतंय, तिकिटं जातायत. पण पुढच्या वेळी पट्टी बदललीस तर धाकटी सवत दुसरी कुणीतरी करेल. आणि मी तुला परत घेणार नाही, समजलं?"
"सरी, अक्का. बरं."
"आणखी एक इडली घे."

मी भरत सरांबद्दल सांगितलं सगळं. वाटलं होतं, अक्का चिडतील. त्या म्हणाल्या, "मग? पिक्चरात आवाज त्यांच्या मालकीचा. तू सही करताना चेहरा दिसणार म्हणून खूश होतीस." जरा थांबून, "तुझी भाषा मात्र मी कधी बदलायला लावली नाही."
हे खरं आहे. म्हणून जास्त राग आला.

५ मार्च
भरत सरांचा फोन. आवाजात लोणी. गाणं चाललंय, पुढच्या पिक्चरचं बोलू, मॉलचा कार्यक्रम नीट पार पाड. "ट्रॅक लावू, तू फक्त ओठ हलव. सूत्रसंचालिका विचारेल, गाणं तुम्हीच गायलं का. हो म्हण नि हास."
"आणि पुढच्या पिक्चरात आवाज कुणाचा?"
"रेणुका, तू प्रत्येक गोष्टीत भांडतेस."

आरशासमोर उभी राहून त्या गाण्यावर ओठ हलवून बघितले. जमतं. फार छान जमतं. त्याचीच किळस आली.

८ मार्च, रवि.
व्हाइटफील्ड. मॉलच्या मधोमध स्टेज, वरच्या मजल्यांवर कठड्याला लोक. मला सोनेरी काठाची साडी दिलेली, गाल ओढल्यासारखे वाटेपर्यंत मेकअप. भरत सर पहिल्या रांगेत, शेजारी पैसे घालणारे साहेब.

स. आली होती. बोलावलं नव्हतं तिला. आई-वडील तिथेच जवळ राहतात, आईला घेऊन आली होती. ज्यूसच्या दुकानाजवळ दोघी. काकूंना मी ओळखते, संक्रांतीला गुळपोळ्या पाठवल्या होत्या त्यांनी. गाणं लागलं, मी ओठ हलवायला लागले आणि माझं लक्ष गेलं. सगळे फोन माझ्याकडे वळलेले, काकूंचा एकटीचा वर, कोपऱ्यातल्या स्पीकरकडे. स्पीकरचा व्हिडिओ काढत होत्या.

गाणं संपलं. सूत्रसंचालिका आली, चमकती ओढणी, हातात कार्डं. "इतकं गोड गाणं तुम्ही स्वतः गायलंत, खरं ना?"
भरत सर हसत होते. स. हात जोडून मान हलवत होती, अगदी थोडी. नको. प्लीज.

मी म्हटलं, "नाही. मी गायले नाही. गाणं सईने गायलंय. पिक्चरभर बोललीसुद्धा तीच. ती काय, तिथे उभी आहे."
लोक वळले. मग मी म्हटलं, "माझा आवाज असा आहे," आणि तेच गाणं म्हटलं, साथीशिवाय, माझ्या पट्टीत, माझ्या उच्चारांत. दोन ओळी. सूर लागला. माइकमधून माझाच आवाज वरच्या मजल्यांवर जाऊन परत आला. टाळ्या पडल्या, ठीकठाक. उतरताना एक बाई मैत्रिणीला म्हणाली, "रेकॉर्डिंगमध्ये जास्त छान वाटतं ना?"

हे मी सईसाठी केलं नाही. लिहून ठेवते. माझ्या तोंडात तिचा आवाज नको होता, आणि तिने हात जोडले होते म्हणून तर जास्तच.

(नाव पूर्ण लिहिलं गेलं. असू दे.)

९ मार्च
क्लिप सगळीकडे. लोक मला म्हणतात, केवढं मोठं मन, दुसरीला श्रेय दिलं. ज्यांना जे वाटायचं ते वाटू दे.

भरत सरांचा एकच मेसेज: "आयतु." झालं. संपलं म्हणजे काय, पुढचा पिक्चर की मी, ते लिहिलेलं नाही. प्रसिद्धीवाल्या बाईंनी फोन उचलला नाही.

सई ऑफिसचं काम सोडून दारात उभी राहिली. डोळे सुजलेले.
"स्टुडिओने ते काम काढून घेतलं. म्हणाले, गुपित राहत नाही तिथे आम्ही आवाज घेत नाही."
"गुपित मी फोडलं."
"त्यांना काय फरक पडतो? मी तुला सांगितलं होतं, हात जोडले होते."
"तुझं नाव नव्हतं कुठे. आता आहे."
"तू मला नाव दिलं नाहीस, रेणू. तू मला मारलंस. आणि बाहेर सगळे तुला देवी म्हणतायत." मग एकदम हळू, "आई किती रडली माहितीय? आनंदाने. काम गेल्याचं तिला अजून मी सांगितलं नाहीये."

माझ्याकडे उत्तर होतं. डिसेंबर, पेज, माझा ताप. बोलले नाही. दार तिनेच लावलं.

११ मार्च
अण्णांचा फोन. क्लिप गावात पोहोचली.
"मला कळलं न्हाई," म्हणाले.
"जाऊ दे अण्णा."
"जाऊ दे कसं? चौकात उभा ऱ्हाऊन लोकांना ऐकवलं मी. माझी पोर म्हणून ऐकलं, मग कान कशाला लावतोय मी." मग विचारलं, "तू तवा का न्हाई सांगिटलंस?"
"तुम्ही खूश होता."
"मी खूश व्हायला तू खोटं बोलणार व्हय?"
मग म्हणाले, शनिवारच्या नाटकाला येतो. त्यांना प्रवास नको म्हणते आई, गुडघे. ऐकत नाहीत.

१२ मार्च
सई तालमीला आली नाही. मंगळाक्कांनी मला विचारलं, येणार का शनिवारी? मी म्हटलं, माहीत नाही. "एका घरात राहता ना?" हो, म्हटलं, एका घरातच.

तिची एक बॅग हॉलमध्ये भरून ठेवलेली आहे. आज सकाळपासून. नेलेली नाही.

१४ मार्च, शनि.
अण्णा रात्रीच्या बसने येऊन सकाळी उतरले. रिक्षातून येताना रिक्षावाल्याशी आमच्याकडच्या कन्नडमध्ये गप्पा, मोठ्याने, अजिबात न लाजता. घरात आल्या आल्या पाय धुतले आणि विचारलं, "ती पोरगी कुठाय?"
"आत आहे. कामात असेल."
"तिला भेटायचं हाय मला."
"अण्णा, तिने माझं गाणं चोरलंय."
"म्हायत हाय. लई वंगाळ केलं तिनं. तूबी कमी न्हाई केलंस, तुझ्या आईनं सांगिटलं मला सगळं." आईला कुणी सांगितलं कोण जाणे. मी फक्त फोनवर रडले होते, रडताना बोलून गेले असेन. "पण दुसरं कडवं तिनं म्हटलंय त्ये म्हटलंय. मी फोन खाली ठिवला हुता, त्ये काय माझ्या पोरीसाठी न्हवतं मग. त्ये तिचं हाय. तिला द्यायला नको?"

मला भयंकर राग आला. इतक्या लांबून आले ते तिला शाबासकी द्यायला. मला अजून एक शब्द नाही दिला.

त्यांनी जाऊन तिच्या दारावर टकटक केली. "बाळ, मी रेणूचा बाप. निपाणीस्नं आलोय."
आतून काही नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज, मग परत काही नाही.
अण्णांनी हॉलमधली खुर्ची ओढली, भरलेल्या बॅगेशेजारी दारासमोर टाकली, गुडघा धरत बसले. घाई नाही. बाहेरून नुसतेच म्हणत राहिले, "बस गं बस, काम कर. संध्याकाळपावेतो येळ हाय." आणि हळू आवाजात गुणगुणायला लागले, ते गाणं नाही, भजन, जुनं, मांडीवर असताना ऐकलेलं.

मी स्वयंपाकघरातून बघत होते. पाणी ठेवलं. विचारलं, "अण्णा, चहा किती कप टाकू?"
गुणगुणणं थांबलं नाही. हाताने खूण केली आणि ओळ संपल्यावर म्हणाले, "तूच ठरीव."

पाणी उकळतंय.